सर ग्रुपमधून लेफ्ट झाले, आता मी काय करू?

वाचकाचं पत्र

आम्ही चिपळूणच्या एका शाळेची १९९५ची दहावीची बॅच. व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास-साठ जण आहोत आणि ॲडमिन मी आहे. कुणी कोल्हापूरला, कुणी नाशिकला, एक दुबईत, एक न्यू जर्सीत. लॉकडाऊनमध्ये ग्रुप सुरू झाला, २०२१च्या पुरात त्याचा फार आधार झाला. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी तर आम्ही सगळे पुन्हा वर्गात बसल्यासारखे ओरडत होतो. पण हल्ली सगळं बिघडलंय. नासाने असं म्हटलं, युनेस्कोने तसं जाहीर केलं, टॉवरमुळे चिमण्या मेल्या, दिवसभर हेच. मी फिजिक्सची बीएस्सी, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. मला राहवत नाही. मी प्रत्येक मेसेजला उत्तर देते.

आमचे गणिताचे सरही ग्रुपवर होते, वय ७६. जुलैत त्यांनी 'अल्फेलियन'चा, म्हणजे सूर्य लांब गेल्यामुळे थंडी वाजेल असं सांगणारा तो प्रसिद्ध मेसेज टाकला. मी सात मुद्द्यांचं उत्तर लिहिलं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून पिन केलं. त्यावर मुलांनी हसण्याचे इमोजी टाकले. संध्याकाळी सर लेफ्ट झाले. आता अर्धा ग्रुप माझ्यावर नाराज आहे. एक मित्र म्हणतो, "गप्पाच तर आहेत, डोकं कशाला लावतेस?" दुसरा प्रत्येक वादात एआयला विचारतो आणि त्याचं भलंमोठं उत्तर जसंच्या तसं चिकटवतो. मे महिन्यात युद्धाच्या बातम्यांवरून दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं. डोळ्यांसमोर खोटं दिसत असताना गप्प बसायचं का? की ग्रुपच बंद करून टाकू?

एक ॲडमिन, चिपळूण

उत्तर

प्रिय ॲडमिनताई,

आधी पिनबद्दल बोलू. उत्तर लिहिलंत त्यात वावगं काही नाही, आकडेही बरोबरच असणार. पण ते पिन केलंत, म्हणजे पुढचे काही दिवस ग्रुप उघडणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात वर काय दिसणार होतं? सरांची चूक. गृहपाठ न केलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे, तसलाच हा प्रकार झाला. फक्त नाव सरांचं आणि खडू तुमच्या हातात. हसण्याचे इमोजी तुम्ही टाकले नाहीत, मान्य. हसायला जागा मात्र तुम्ही करून दिलीत. तेव्हा सरांकडे जायचं ते तुम्हीच. कसं जायचं ते पुढे सांगते, कारण त्याआधी त्या मेसेजचं काय करायला हवं होतं ते बघितलं पाहिजे.

अल्फेलियन हा जुना गडी आहे. वर्षानुवर्षं फिरतोय, तारीख तेवढी बदलते. त्याचं म्हणणं असं की सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर असतो, या काळात तो १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जातो, म्हणजे ६६ टक्के लांब. म्हणून ऑगस्टपर्यंत थंडी वाजेल, अंग दुखेल, घसा धरेल. गंमत अशी की यातला १५ कोटी २० लाखांचा आकडा खरा आहे. पृथ्वी दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला अपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्यापासून सगळ्यात लांबच्या जागी येते (इंग्रजीत ॲफेलियन, मेसेजने त्याचंच 'अल्फेलियन' केलंय) तेव्हा सूर्य साधारण तेवढाच लांब असतो. जानेवारीच्या सुरुवातीला, सगळ्यात जवळच्या म्हणजे उपसूर्य बिंदूवर, तो १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. मग ते ९ कोटी आले कुठून? माझा अंदाज असा की कुणीतरी कधीतरी मैल आणि किलोमीटर एकत्र कालवले. सूर्याचं सरासरी अंतर मैलांत सांगायचं तर ९ कोटी ३० लाखच भरतं.

आता विचार करा. तुम्ही सरांना एवढंच विचारलं असतंत की "सर, हा ९ कोटींचा आकडा मैलांतला वाटतो का हो?", तर काय झालं असतं? आयुष्यभर मुलांच्या वह्यांत 'एकक लिहा' म्हणून लाल रेघा मारलेला माणूस तो. त्यांनी कागद-पेन घेऊन मेसेजची चिरफाड स्वतःच केली असती, वर तुम्हाला शाबासकी दिली असती. सात मुद्द्यांची गरजच नव्हती. एक प्रश्न पुरला असता, आणि तो ज्याला सुटेल अशा माणसाला विचारायचा होता.

मेसेजच्या दुसऱ्या भागाकडेही नीट बघा. सूर्य लांब गेल्यामुळे पृथ्वीवर पोचणारी ऊर्जा जानेवारीपेक्षा जुलैत जवळपास ७ टक्क्यांनी कमी असते, हे खरंच आहे. तरीही जुलैत तेहरान आणि माद्रिद भाजून निघतात, कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. चिपळूणला जुलैत गारठा वाटतो तो पावसाचा. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसतात. सरांना जे जाणवत होतं ते खोटं नव्हतं. त्याचं कारण म्हणून हाती आलेला मेसेज तेवढा खोटा होता. तुम्ही मेसेज खोडलात तेव्हा त्यांना बहुधा असं ऐकू आलं की त्यांचे गुडघेही दुखत नाहीत.

बहुतेक फॉरवर्ड असेच चालतात. माणसाच्या अनुभवातलं काहीतरी खरं धरतात आणि त्याला भलतंच कारण जोडून देतात. तुमच्या चिमण्यांचंच घ्या. शहरातल्या चिमण्या कमी झाल्या हे लोकांनी स्वतः पाहिलंय. त्यांना 'अफवा पसरवू नका' म्हणून कसं चालेल? पक्षीनिरीक्षकांच्या लक्षावधी नोंदींवरून २०२०मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात असं दिसलं की देशभर मिळून चिमण्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. टॉवर तर आता गावोगावी आहेत. टॉवरनेच मारायच्या असत्या तर गावातल्याही गेल्या असत्या. शहरात घरं बदलली: कौलं गेली, वळचणी गेल्या, फोटोफ्रेमच्या मागची जागा गेली, पिल्लांना भरवायला लागणारे किडे गेले. हे सगळं तुम्ही व्याख्यान म्हणून ग्रुपवर टाकलंत तर दोन अंगठे येतील आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा, "तुमच्या घराजवळ चिमणीचं घरटं शेवटचं कुठे पाहिलंत?" दुबईवाल्यापासून सगळे लिहितील. कुणीतरी म्हणेल, आमच्या जुन्या घराच्या मीटरबॉक्समध्ये असायचं. मग टॉवर आपोआप बाजूला पडतो, कारण मीटरबॉक्स लोकांना आठवतो.

तुमचा मित्र म्हणतो गप्पांत डोकं कशाला. त्याचं निम्मं बरोबर आहे. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा मेसेज तुम्ही शंभरदा खोडलात तरी येणार. युनेस्को असलं काही ठरवत नाही, एवढं एकदा एका ओळीत सांगा आणि पुढच्या वेळी खुशाल सोडून द्या. त्याने कुणाचं नुकसान होत नाही. रात्री साडेबारानंतर वैश्विक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा, हा मेसेज मानून कुणी खरंच मोबाइल बंद ठेवला तर त्याला झोप तरी बरी लागेल. प्रत्येक मेसेजला उत्तर देणाऱ्या माणसाचं उत्तर हळूहळू कुणी वाचेनासं होतं, आणि जेव्हा खरोखर वाचायला हवं असतं तेव्हाही ते वाचत नाहीत. तुमचं तेच झालंय असा मला संशय आहे.

निम्मं चूक कुठे, ते तुम्ही चिपळूणकरांना मी सांगायला नको. २ जुलै २०१९च्या रात्री तुमच्याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. त्यानंतर 'धरण फुटलं' हे दोन शब्द तिथे कुणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आणि दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, वाशिष्ठी नदीने बाजारपेठ बुडवली. त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर काय काय आलं असेल ते आठवून बघा, जुनं चॅट असेल तर वर सरकवून वाचाच. 'मी गच्चीवर आहे, समोरच्या दुकानाची पाटी बुडाली, सव्वासहा वाजलेत' या धर्तीचे मेसेज एका बाजूला आणि 'कळतंय की अमुक धरणाचे दरवाजे उघडले, सगळ्यांना पाठवा' हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारात बोलणारा आहे, जागा आहे, वेळ आहे. दुसऱ्यात यातलं काहीच नाही. धरणाचा मेसेज खरा असूही शकतो, हीच अडचण आहे. तिवऱ्यात तो खरा ठरला होता. म्हणून तिथे 'खोटं पसरवू नका' हे उत्तर धोक्याचं आहे. 'कुणी पाहिलं, कुठून, किती वाजता?' हे उत्तर योग्य. खरं असेल तर एका मिनिटात नाव-गाव येतं, आणि नसेल तर पाठवणारा म्हणतो, मलाही आलेलाच आहे.

हा प्रश्न तुमच्या ग्रुपची सवय बनला तर तुमचं निम्मं काम हलकं होईल. तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो, आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

काही मेसेजना मात्र प्रश्न विचारत बसायलाही वेळ नसतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून त्या भागात आधीच पोचलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पुढे एप्रिल २०२०पासून, बऱ्याच हातांतून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की समजा, हा मेसेज किमान पाच हातांतून आलाय आणि मूळ लिहिणारा कोण ते तुमच्या मित्रालाही ठाऊक नाही.

माणसांच्या एखाद्या गटाकडे बोट दाखवणारा, कुणाला घाबरवून काहीतरी करायला लावणारा, कुणाचं औषध बंद करायला सांगणारा मेसेज आला तर तो ॲडमिन म्हणून सरळ डिलीट करा. चर्चा नको. मग पाठवणाऱ्याला फोन करून सांगा की का काढला. मे २०२५मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार म्हणून मेसेज आले. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला खुलासे करत बसावं लागलं. अशा दिवसांत ग्रुप दोन दिवस 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असा करून ठेवला तरी कुणाचं बिघडत नाही. ज्या दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं त्यांना तेव्हाच दोन दिवसांची सक्तीची सुट्टी मिळाली असती.

कायद्याची भीती वाटत असेल, बऱ्याच ॲडमिन मंडळींना वाटते, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये यावर स्पष्ट निकाल दिलाय. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा काही समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. कारण मजकूर येण्याआधी तो तपासण्याची सोय ॲडमिनकडे नसते. आल्यावर काढण्याची सोय आता आहे, ती वापरा.

राजकारणासाठी वेगळा ग्रुप काढा आणि ज्यांना भांडायचंय त्यांना तिकडे पाठवा. तो ग्रुप थोड्या दिवसांत थंड पडेल, कारण भांडणाऱ्यांना प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षक तिकडे जात नाहीत.

एआयवाल्या मित्राचं काय? त्याच्यावर चिडू नका, पण एक अट घाला: चिकटवायचं नाही, वाचून स्वतःच्या दोन ओळींत सांगायचं. ही यंत्रं वाक्यं इतकी घोटीव करतात की चुकीचं उत्तरही पाठ्यपुस्तकातलं वाटतं. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल न्यायालयात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. ज्यांचा धंदाच कागद तपासण्याचा, त्यांची ही गत. तुमच्या मित्राला दोन ओळींत सांगता आलं तर त्याला कळलंय असं समजा आणि त्याच्याशी बोला. नाही सांगता आलं तर तुम्ही एका यंत्राशी वाद घालत होतात, आणि यंत्र रात्रभर जागू शकतं.

आता गप्प बसायचं का, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. गप्प बसू नका. पण वाद सोडवायचे दोन मार्ग असतात: एक बोलायचा आणि एक बघायचा. तुम्ही लॅबमध्ये रोज दुसरा वापरता आणि ग्रुपवर आलात की पहिला.

२१ सप्टेंबर १९९५ तुम्हाला आठवत असेल, तुमच्या दहावीचंच वर्ष. गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. तेव्हा मोबाइल नव्हते, लोकांनी लँडलाइनवरून एकमेकांना उठवलं. वर्तमानपत्रांतले लेख वाचून किती जणांचं मत बदललं मला माहीत नाही, पण दुधात रंग घालून चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की रंगीत ओघळ मूर्तीवरून खाली जाताना दिसायचा. ते पाहिल्यावर बोलायचं काही उरत नव्हतं. जून २०२०मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हाही तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते पाणी तपासलं गेलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव त्यात माजले होते. पाणी नुसतं ठेवून दिलं तर जीव तळाशी बसून वरचं पाणी नितळ व्हायचं. आणि जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर केलेली ज्योतिषाची चाचणी घ्या. दोनशे मुलांच्या कुंडल्या, निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगायला सांगितलं. उत्तरं नाणं उडवून आली असती तशीच आली. मला त्यात आवडतं ते हे की काय झालं तर दावा खरा मानायचा, ते कुंडल्या वाटण्याआधीच ठरलं होतं. तुमच्या ग्रुपवर वाद सुरू झाला की पहिल्याच मिनिटाला हे विचारून बघा: काय दिसलं तर तू मत बदलशील? काही जण उत्तर देतील, त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे. काही म्हणतील, काहीही दिसलं तरी नाही. त्यांना शुभरात्री म्हणा.

तर सरांकडे कसं जायचं. फोन नको, मेसेज तर नकोच. घरी जा. जाण्याआधी पिन काढा आणि ग्रुपवर एक ओळ लिहा: 'सरांच्या मेसेजवरचं उत्तर मी पिन करायला नको होतं, काढलं आहे.' बास. कुणी त्यावर चर्चा सुरू केली तर उत्तर देऊ नका. सरांसमोर बसल्यावर "सर, मी पिन केलं ते चुकलं" एवढं म्हणा आणि त्या वाक्यापुढे 'पण' येऊ देऊ नका. त्या दिवशी सूर्याचं अंतर काढू नका. त्यांनीच काढलं तर मैलांचा प्रश्न विचारा आणि कागद त्यांच्या हातात द्या.

नंतर केव्हातरी त्यांच्याकडे एक काम घेऊन जा. तुमच्या बॅचचे लोक कोल्हापुरात आहेत आणि नाशकातही आहेत, हे पत्रात वाचलं तेव्हाच माझ्या मनात हे आलं. ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात, ७४ अंश पूर्वेच्या आसपास. दोन्हीकडे एकाच दिवशी एक मीटरची काठी उन्हात उभी करायची आणि भर दुपारी सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती मोजायची. काठी आणि सावलीवरून सूर्य डोक्यापासून किती अंश कललाय ते निघतं. दहावीची त्रिकोणमिती, सरांना तोंडपाठ. दोन्ही कोनांची वजाबाकी केली की दोन शहरांमधला पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा बाक मिळतो, साधारण ३.३ अंश यायला हवा. दोन शहरांमधलं उत्तर-दक्षिण सरळ अंतर नकाशावर ३६५ किलोमीटरच्या आसपास आहे. ३६० भागिले ३.३, गुणिले ३६५. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच युक्तीने तो काढला होता, उपग्रह नसताना.

ग्रुपमधले किती जण यात उतरतील? सुरुवातीला तीन-चार. एकदा का कोल्हापूरवाल्याचा आकडा आणि नाशिकवाल्याचा आकडा आला आणि परीघ भलताच निघाला, की सगळे उतरतील. कुणी मोजण्यात घोळ घातला यावर जी भांडणं होतील ती खुशाल होऊ द्या. असल्या भांडणात कुणी लेफ्ट होत नाही.

दिवाळीच्या सुमारास ऊन चांगलं असतं, तेव्हा पहिली फेरी करा. दुसरी मे महिन्यात, शून्य सावलीच्या वेळी. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास दुपारी काठीची सावली पायाखाली गडप होते आणि त्याच दिवशी नाशकात मीटरभर काठीची सावली जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर पडते. चिपळूणचा दिवस ९-१० मेच्या सुमारास येतो. तुम्ही आणि सर तिथे तो स्वतःच पकडू शकता, आणि सूर्य असा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना दिसला की ऋतू कशाने होतात यावर वेगळं काही लिहावं लागणार नाही. शून्य सावलीचा दुसरा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला असतो, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसला तर नशीब.

सरांना ग्रुपवर परत यायचा आग्रह करू नका. यायचं तर येतील. आले नाहीत तर आकडे त्यांच्या घरी नेऊन द्या, गणित तेच करतील आणि तुम्ही त्यांच्या वहीचा फोटो ग्रुपवर टाका.

मोजताना एक काळजी घ्या. दिवाळीतल्या फेरीत सावली एका सेंटिमीटरने चुकली तर परिघात चार-पाच हजार किलोमीटरचा फरक पडतो. जमीन सपाट हवी, आणि काठी डोळ्यांच्या अंदाजाने उभी करू नका, गवंड्याकडून ओळंबा मागून आणा. तो नसेल तर दोऱ्याला जड नट बांधून तो काठीशेजारी लोंबता धरा. सावलीचं टोक धूसर दिसतं, तिथे दोघांनी वेगवेगळी खूण करून मधला बिंदू घ्या.